यक्षाची काठी

सिस्टरांच्या तोंडून कधी कौतुकाचा शब्द ऐकला, असं सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. हाडांच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षं काढली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी कोणी समोरून चालत आलं की त्यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जाते आणि मग तोंडाचा पट्टा सुटतो. स्वभावाला औषध नाही, हे जन्मभर औषधं वाटलेल्या बाईला सांगणार कोण?

याला कारणही तसंच घडलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्या एका पेशंटला "छान चालताय हो" म्हणाल्या. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला, वॉकर सोडला आणि तिथेच आडवा झाला. पाय पुन्हा मोडला. तेव्हापासून सिस्टरांनी कौतुक कुलपात ठेवलं ते ठेवलंच.

त्यांची एकुलती एक भाची नोकरी सांभाळून पॉडकास्ट करते. पुराणांतले यक्ष, शरभ वगैरे घेऊन गोष्टी मात्र स्वतः रचते. कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून रेकॉर्ड करते, कारण तिथे आवाज घुमत नाही. परवा एका पेपरात तिचं भरभरून कौतुक छापून आलं. "जखमी यक्षाची ती तीन ठोक्यांची चाल ऐकून अंगावर काटा येतो," असं समीक्षकाने लिहिलं होतं. कात्रण घेऊन ती थेट मावशीकडे आली. तिला मावशीचा एक बरा शब्द हवा होता, बाकी काही नाही.

"ऐकलेस ना सगळे भाग?"

"ऐकले. बाण कुठल्या पायाला लागलाय त्याला?"

"उजव्या."

"मग काठी उजव्या हातात कशाला दिलीस? दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरतात. आणि काठी नि दुखरा पाय एकदम पडतात, म्हणजे ठोके दोन. असं तीन ठोक्यांत चालला तर आठवड्यात कंबर धरून बसेल."

"मावशी, तो यक्ष आहे."

"असेना. पाय आहेत ना त्याला?"

भाचीने कात्रणाची घडी घातली. "सगळ्यांना आवडलं. तुलाच एकदा छान म्हणवत नाही," म्हणाली आणि चहा न घेताच गेली.

दर रविवारी येणारा भाग त्या रविवारी आला नाही. पुढच्याही आला नाही. मागच्या भागाच्या शेवटापासून यक्ष तिकडे गुहेत रक्तबंबाळ पडलाय आणि या बाईसाहेबांना रुसायला सुचतंय, म्हणून सिस्टर आधी चिडल्या. तिसरा रविवारही कोरडा गेला तेव्हा मात्र त्यांना कळून चुकलं. पोरगी हे सगळं सोडूनच देणार, आणि तेही आपल्यामुळे.

पॉडकास्टच्या पानावर अभिप्राय लिहायला जागा असते. सिस्टरांनी चष्मा चढवला आणि एका बोटाने टाइप करत तासभर खपून लिहिलं:

"निवेदिका बाईंनी काठी डाव्या हातात द्यावी. चाल चुकली आहे. बाकी सर्व भाग चार चार वेळा ऐकले. माझ्या वॉर्डात माणसं गेली, पण मी ड्यूटीवर कधी रडले नाही. या यक्षाला मारू नकोस गं. मला नाही सहन होणार."