टेबलाखालची कात्रणं

गल्लीत तिला सगळे टीपमावशी म्हणत. शिलाईची टीप बऱ्याच बायकांची सरळ असते, पण हिची बघून फूटपट्टीने मान खाली घालावी. शर्टांच्या कारखान्यात ऐन तरुणपणी ती मशीनवर बसली, ती केस पिकल्यावरच उठली. नवरा तिथेच कटिंग मास्तर. ते पार्टिशनच्या पलीकडे कापायचे, ही अलीकडे शिवायची, आणि कुणी कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. संसार सुखाचा झाला तो बहुतेक त्यामुळेच.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात. टीपमावशीने पाळीचे पॅड शिवायला घेतले. दवाखान्यातल्या नर्सबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, की रस्ते झाडणाऱ्या बायकांना दर महिन्याला विकतचे पॅड परवडत नाहीत. मिळेल त्या चिंध्या वापरतात आणि दुखणी अंगावर काढतात. धुऊन पुन्हा वापरता येतील असे पॅड कुणी शिवून दिले तर... नर्सबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत मावशी कापड आणायला निघाली होती.

मास्तरांनी मात्र कानांवर हात ठेवले.

"अहो, कापून तेवढं द्या. मला कात्री जमत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"बायकांचं बायकांनी बघावं," असं पुटपुटत ते पिशवी घेऊन बाहेर पडले आणि घरात लिंबं असताना तासाभराने आणखी लिंबं घेऊन आले. समोरच्या न्हाव्याने विचारलं, की मावशी दिवसभर काय शिवतात, तर म्हणाले, "उशांचे अभ्रे." इतक्या अभ्र्यांना उशा कुठून आणणार, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

शेवटी मावशीने स्वतःच कात्री धरली. वर मऊ सुती कापड, मध्ये फ्लॅनेलचे थर, खाली ओल न झिरपणारं अस्तर, दोन्ही बाजूंना पंख आणि पंखांना टिचबटणं. कापलेली कड जरा उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती, पण टिपेला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. नर्सबाईंनी पॅड नेऊन वाटले आणि मावशी खुशीत पुढच्या कापडाला भिडली.

मग एके दिवशी एक झाडूवाली दारात आली. तिशीच्या आतली, चेहरा उतरलेला. तिने पिशवीतून पॅड काढून मावशीच्या हातात ठेवले.

"मावशी, रागावू नका. पहिल्यांदा छान होते. धुतल्यावर हे असं झालं."

पॅड सुकलेल्या पानासारखे वळले होते. मधला भाग आवळला होता, पंख वाकडे झाले होते. भर बाजारात झाडताना पॅड सरकला आणि साडीला डाग लागला, असं तिने खाली बघत सांगितलं. मागून कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणीतरी. मुकादमाने सगळ्यांसमोर विचारलं, "कशावर बसून आलीस?" झाडू तिथेच टाकून ती घरी गेली, ती अजून कामावर गेली नव्हती.

"बाकीच्यापण म्हणतात, आपल्या चिंध्याच बऱ्या. निदान दगा देत नाहीत."

ती रागाने बोलली असती तर मावशीला सोपं गेलं असतं. आयुष्यभरात तिचं शिवलेलं काही परत आलं नव्हतं, आणि आलं ते हे.

"टीप उसवली का गं?"

"नाही. टीप आहे तशीच आहे."

आतल्या खोलीतून पेपरची सळसळ थांबली. "कापड भिजवलं होतंस का?" मास्तरांनी विचारलं.

"भिजवायचं कशाला? कोरं करकरीत होतं."

आता हे वाचून कुणी कपाळाला हात लावेल, पण मावशीचा तरी काय दोष? कारखान्यात शिवणाऱ्या बायका यायच्या आत मास्तर कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून मोकळे झालेले असत. तिच्या मशीनपाशी यायचं ते आधीच आटलेलं कापड. जन्म कापडात गेला, पण कापड आटताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. इथे फ्लॅनेल जास्त आटलं, वरचं सुती कमी, आणि दोघांनी मिळून पॅडची वळकटी केली.

झाडूवाली गेल्यावर मावशीचा बांध फुटला.

"तुम्ही कापलं असतं तर त्या पोरीवर ही वेळ आली नसती. तुमची लाज राखली, तिची गेली. आम्ही कारखान्यात पाळीचे दिवस कसे काढले, कधी विचारलंत? तुम्ही चहाला गेलात की तुमच्या टेबलाखालची कात्रणं चोरायचो आम्ही. त्यावर निभावलं."

मास्तर पायात चपला सरकवून बाहेर गेले. या खेपेला लिंबं आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मागच्या दारी गेली, तर दोरीवर सगळं फ्लॅनेल आणि सुती कापड पाणी ठिबकवत लटकलेलं. उन्हाने कापड वाळलं, तशी मास्तरांनी इस्त्री फिरवली, खिडकी लावून घेतली आणि खडू हातात घेतला. त्यांना कापताना ती पहिल्यांदाच पाहत होती. आतल्या थरांसाठी चौकोन पडत गेले, आणि प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्यात मास्तर कात्रीच्या टोकाने बारीकशी चीर देत होते.

"ही कशाला?"

"कापड उभं कुठलं, आडवं कुठलं ते कळायला. हाताची सवय."

मावशीने एक चौकोन उचलला आणि त्याचा कोपरा चिमटीत धरला. ही चीर तिने शेकडो वेळा बोटाखाली चाचपली होती. टेबलाखालच्या त्या मऊ, गडद रंगाच्या, हातभर लांबीच्या कात्रणांवर. बाह्यांची आणि कॉलरची कात्रणं वेडीवाकडी असतात. कात्रण चौकोनी कधी असतं का? आणि मास्तरही रोज नेमके त्याच वेळेला चहाला जायचे.

"अहो, ती कात्रणं..."

"तेव्हा कुणी बघत नव्हतं, म्हणून जमलं," मास्तर खाली मानेनेच म्हणाले. "हे धर नीट, सरकतंय."

तिला रडू आलं. रागही आला. एवढी वर्षं ती स्वतःला चोर समजत होती, आणि या माणसाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

नवे पॅड मावशीने स्वतः पुन्हा पुन्हा धुतले, उन्हात कडक वाळवले, आणि मगच झाडूवालीला निरोप पाठवला. ती आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. पॅड उलटसुलट करून बघितला, ताणून बघितला, पण पिशवी काही उघडेना.

"पुन्हा तसंच झालं तर मावशी? मला आता तिथे परत हसं करून घ्यायचं नाही." मग पॅडच्या कडेवरून बोट फिरवत तिने विचारलं, "हे कुणी कापलं? मागचे असे नव्हते."

मावशीने आधी गल्लीकडे पाहिलं. समोर न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला होता आणि दोघांचेही कान इकडेच होते. नवऱ्याची अब्रू झाकायची तिची सवय जुनी होती.

मास्तर आतून दारात आले. खडूचे हात त्यांनी पुसलेसुद्धा नव्हते.

"मी कापलंय," ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पाळीचे पॅड आहेत, मी कापलेत, हिने शिवलेत. आटणार नाहीत, सरकणार नाहीत. उद्या कामावर जा, पोरी."

झाडूवालीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पिशवी उघडली.