तो विचारून थांबायचा

दुबईत जबल अलीला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ते गृहस्थ ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायचे. बोलण्यावरून पुण्याचे वाटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. ती सीट त्यांनी धरून ठेवली होती, कारण ड्रायव्हर रोज सकाळी हिंदीतला राजकारणावरचा रेडिओ कार्यक्रम लावायचा आणि तिथून तो नीट ऐकू यायचा.

त्यातला निवेदक कधी आवाज चढवायचा नाही. शेजारी येऊन बसल्यासारखा बोलायचा, मग "अब आप ही बताइए" म्हणून क्षणभर गप्प व्हायचा. तेवढ्यात हे गृहस्थ मांडीवरच्या डब्यावर थाप मारून ओरडायचे, "खोटं! साफ खोटं!" सगळी बस हसायची.

एकदा मी म्हटलं, "काका, एवढा राग येतो तर बंद करायला सांगा ना."

"छे हो! पटत नाही त्याचं. पण तो विचारतो आणि थांबतो. घरी मी काही विचारलं की मुलगा 'फाइन, बाबा' म्हणतो आणि दार लावून घेतो." मग हळूच म्हणाले, "आणि खरं सांगू? हल्ली थोडं थोडं पटायलाही लागलंय."

ते रिटायर होऊन परत गेले. आता त्या सीटवर मी बसतो. काल निवेदक विचारून थांबला. मागे सगळे कानात इअरफोन घालून बसलेले. ती शांतता मला सोसेना.

"खोटं!" मी ओरडलो.

तो नेमकं काय म्हणाला होता, ते मी ऐकलंही नव्हतं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हसून आवाज वाढवला.