शेजारच्या ताटातली चकली

दिवाळीत शेजारच्या वहिनींकडून फराळाचं ताट आलं. वरचा रुमाल सारून मी चकली मोडली आणि म्हणालो, "बघ, चकली अशी हवी!"

बायको लाडू वळत होती. मान वर न करताच म्हणाली, "काल आपल्याच ओट्यावर तळल्यात आम्ही दोघींनी. घाणासुद्धा एकच. आपला डबा तुमच्या मागेच आहे."

मी हसलो, पण हसू टिकेना. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. मला कुणाचा हेवा वाटत नाही, असं चारचौघांत सांगत आलो. खरं सांगायचं तर दुसऱ्यांच्या घरात लोक किती मोकळेपणी हसतात, त्यांची मुलं किती शहाणी, हेच बघत राहिलो. आपल्याकडचं चांगलंसुद्धा शेजारून आलं तरच मला गोड लागतं. या सगळ्यात हिलाही किती वेळा कुणाच्या तरी शेजारी उभं करून पाहिलं असेल! ती कधी बोलली नाही.

शेवटी "चुकलं माझं" म्हणायला स्वयंपाकघरात गेलो. मी तोंड उघडायच्या आत तिने हातातला लाडू पुढे केला.

"खाऊन बघा," ती म्हणाली, "पण कुणासारखा झालाय, ते सांगू नका."