वाळ्याची ताटी

जळगाव जामोदच्या मोटारस्टँडामागं शेषराव वायरमनचं टपरीवजा दुकान होतं. मोटर जळो, पंखा अडो, लोक म्हणत, "शेषाकडं न्या." हाताला गुणच तसा होता. अन् एक सांगून ठेवतो, हाताला गुण असलेल्या माणसाला आपणही चुकतो हे फार उशिरा कळतं.

त्याची थोरली बहीण आशाबाई किसनरावांना दिलेली. किसनरावांची फिरती टॉकीज होती. महिनाभर वडनेर भोलजी, मग धामणगाव बढे, असं गावोगाव तंबू ठोकायचा अन् संसार ट्रकमध्ये. ट्रकच्या पाठीवर पत्र्याची बंद खोली, मध्ये फळी. पुढच्या भागात मशीन अन् सिनेमाच्या रिळांच्या पेट्या, मागच्या भागात नवराबायकोचं बिऱ्हाड.

सहासष्ट साली किसनरावांनी शेषरावकडून ट्रकच्या टपावर कूलर बसवून घेतला. पत्र्याची पेटी, बाजूंना ओल्या ताट्या, आत पंखा. पंखा बाहेरची हवा ताटीतून ओढायचा अन् टपाच्या भोकातून खाली सोडायचा. पण थंडावा कुणाला? पेट्यांना. उन्हानं रीळ वाकतं, खरं आहे, पोट त्यावरच होतं. पण फळीपलीकडं दोन महिन्यांच्या कोकिळाला घेऊन बाईमाणूस भाजून निघत होतं, अन् आदल्याच उन्हाळ्यात तिचं एक लेकरू त्या पत्र्याखाली तापून गेलं होतं. किसनराव वाईट माणूस नव्हता. त्याला सुचलं नाही, इतकंच. अशा न सुचण्याचाच मला जास्त राग येतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आशाबाई माहेरी आली. भावानं लुगडं पुढं केलं तर तिनं ते बाजूला सारलं.

"शेषा, मले लुगडं नको. पेट्यांले कूलर हाये, माह्या लेकरालेच नाही. मले दुसरा कूलर करून दे. हे बी गेलं तं मी जगत नाही, पाह्य."

"देतो ना बाई. आठ दिवसांत देतो," शेषराव म्हणाला.

मग तो झपाटून कामाला लागला. आधी वाटलं, पहिल्याच पेटीत मोठा पंखा टाकावा अन् फळीला भोक पाडावं. पण मोठा पंखा टपाला हादरे देणार, तिथं लेकरू झोपेल कसं? म्हणून दुसरी लहान पेटीच बरी, असं ठरलं. ताटीत लाकडाचा भुसा घालून चाललं असतं, तोच लोक घालत. पण बहिणीला वाळ्याचा वास लहानपणापासून आवडायचा. माठात वाळा नसला तर ती पाणी पीत नसे. शेषरावनं डोंगरातून आलेल्या वाळ्याची जाड, गच्च ताटी स्वतः विणली.

पेटी वडनेरला नेऊन टपावर चढवली अन् तिथं घोडं अडलं. रॉकेलवर चालणारं जनरेटर तंबूमागं, ट्रकपासून चाळीस पावलांवर असायचं. दिवसा सिनेमा नसल्यामुळं त्यात दोन कूलरांपुरता दम होता. पण तार बारीक होती. एक पंखा नीट चाले; दुसरा लावला की दोन्ही रेंगाळत अन् मोटर तापे. जाड तार खामगावहून यायला आठवडा लागणार होता.

"भाऊजी, तार येऊ द्या. मंग लावू," शेषराव म्हणाला.

किसनराव काही बोलायच्या आत आशाबाई दारात आली. कडेवरचं लेकरू घामोळ्यांनी लाल झालेलं. लेकराची पाठ तिनं भावापुढं केली. शेषरावचा जीव तुटला.

"जनरेटरच इकडं आणतो. चार हात तार लागंन," तो म्हणाला.

जनरेटर ट्रकला खेटून ठेवलं अन् धुराची नळी त्यानं ट्रकपासून दूर, वारा वाहत होता त्या दिशेला वळवली. वारा सकाळपासून एकाच दिशेनं होता. पंखे भन्नाट फिरले, वाळ्याचा वास खोलीभर झाला, अन् आशाबाई किती दिवसांनी हसली. "माहेरचा वास येऊन राह्यला रे," ती म्हणाली. शेषराव समाधानानं गावात चहाला गेला.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. आशाबाई दार लावून निजली. कोकिळा काही केल्या राहीना, म्हणून किसनराव तिला घेऊन लांबच्या निंबाखाली बसले. त्यात वारा फिरला. जनरेटरचा धूर टपाकडं गेला, कूलरनं तो ओढून आत सोडला. अन् वाळ्याचा वासच असा घमघमत होता की धुराचा वास कुणाला येणार?

शेषराव परत आला तेव्हा ती गेली होती. गाल लालबुंद. गावातला कंपौंडर म्हणाला, "ऊन लागलं. तोंड कसं लाल झालं पाहा." लोकांनीही तेच धरलं. किसनराव भुईवर डोकं आपटत एकच बोलत होते, "आधी पेट्यांले लावला मी, तिले नाही लावला. उशीर केला."

शेषराव पेटी उतरवायला टपावर चढला. जनरेटरकडची ताटी बाहेरून काळी झाली होती. बोटाला काजळी आली. त्याला सगळं कळलं, ती उन्हानं नाही, धुरानं गेली होती. त्यानं ताटी खाली आणून चितेच्या लाकडांत टाकली अन् तोंडाला कुलूप लावलं.

किसनरावांनी टॉकीज मोडली. कोकिळा मामाकडं वाढली. बाप पुढं गिरणीत हमाली करायचा, महिन्यातून एकदा यायचा अन् तिच्याकडं बघून खाली मान घालायचा. शेषराव समोरच असायचा. चौदा वर्षांत खरं सांगणारं एक वाक्य त्याच्यानं निघालं नाही. भेकडच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.

ऐंशीच्या हिवाळ्यात किसनराव गेले. पुढच्या आखाजीला कोकिळानं पितरांच्या दोन घागरी भरल्या, एक आईची, एक बापाची. दोन्हींत वाळा टाकला. आमरसाचं ताट मांडलं अन् आईच्या घागरीतलं पाणी भांड्यात घेऊन मामापुढं धरलं.

"मामा, बाबा मरतांनी बी तेच म्हणत होते. मीच मारलं म्हणे तिले. म्या म्हटलं, नाही हो बाबा. पण त्यायनं काही ऐकलं नाही."

शेषरावनं भांडं हातात घेतलं. वास नाकात गेला.

"तुह्या बापानं नाही मारलं," तो म्हणाला. "म्या मारलं." अन् त्यानं सगळं सांगितलं, तार, जनरेटर, वारा, ताटीची काजळी, काही ठेवलं नाही.

कोकिळानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाबाले माहीत होतं?"

"नाही."

"तुमी सांगतलंच नाही त्यायले."

शेषरावनं मान खाली घातली. मामाच्या हातात भांडं तसंच राहिलं. ती उठली, त्याच्याकडं पाठ करून बापाच्या घागरीपुढं जाऊन बसली, अन् पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.