आईचा माउस
तापलेल्या धुळीचा वास आला की मला आमचा जुना कॉम्प्युटर आठवतो. तो इतका मंद झाला होता की सुरू करून चहा टाकून आलं तरी जागचा हलायचा नाही, आणि मग स्क्रीनभर एकामागून एक जाहिराती उघडायच्या. आई माहेरची येवल्याची. त्या दिवसांत ती दुपारी कॉम्प्युटरवर पैठण्यांचे काठ बघायला शिकली होती. एखादा सुरेख मोर सापडला की शेजारच्या काकूंना बोलावून दाखवायची. त्या काकूंसमोरच मी तिला म्हणालो, "कळत नाही तर कशाला दाबत बसतेस? व्हायरस घुसवलास तू." "चुकलं असेल माझं," म्हणत तिने माउस अलगद बाजूला ठेवला आणि ती भाजी निवडायला गेली. दुसऱ्या दिवशी मी सीपीयू उचलून द्वारका चौकाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आतली धूळ झटकली, सगळं तपासलं आणि विचारलं, "फुकट सिनेमे उतरवायचं सॉफ्टवेअर कोणी टाकलं? त्याच्याबरोबरच आलाय हा सगळा कचरा." ते मीच टाकलं होतं. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय निघालं रे?" मी म्हणालो, "काही नाही, झालं नीट." त्यानंतर ती कधीच त्या खुर्चीत बसली नाही, आणि मीही तिला बस म्हणालो नाही. आता तिच्याकडे स्वतःचा मोबाइल आहे. पण काहीही करायच्या आधी ती तो माझ्यापुढे धरते आणि हळूच विचारते, "हे दाबलं तर चालेल ना?" मी चालेल म्हणतो, आणि तिच्याकडे बघायचं टाळतो.