संपतची शिस्त

फौजेत आमची पोस्ट उंचावर होती. तिथं मला एका जागी बसवत नसे, आजही बसवत नाही. शिरूरच्या घरात मी पंखा लावतो, बंद करतो, दारात जाऊन येतो. बायको म्हणते, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का?"

सेक्शनमध्ये वडगाव रासाईचा लान्स नायक संपत होता. सहा फूट उंच, लांब हाताचा. गावाकडं शिस्त म्हणजे वळण. फौजेत 'शिस्त ले' म्हणजे नेम धर. संपत म्हणायचा, "उस्ताद, बंदुकीचा बट खांद्यात नीट बसला न्हाई, तर कसली आलीय शिस्त?" त्याच्या घरी वडिलांची, आबांची, बाराबोर बंदूक होती. लायसन्सवर बापलेक दोघांचीही नावं. सुट्टीवर गेल्यावर त्यानं ती आपल्या मापाची केली. स्वतःच्याच जुन्या स्लिपरचे तळ कापून बटमागं लावले, वरून सायकलची ट्यूब ओढली. "फुकटात काम!" म्हणून हसला होता.

एका सकाळी तो पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, गेला. रेडिओवर मी होतो.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

नाव आलं, संपतचं. मी "रॉजर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, फोन आला. आदल्या दिवशी दिवेलागणीला उसातून बिबट्या गोठ्याकडं आला. त्याला पळवायला हवेत बार काढावा म्हणून आबांनी बंदूक उचलली. आबा बुटके, बट लांब. तो काखेत अडकला आणि बार गोठ्याच्या पत्र्यातून गेला. आत सुनंदा धार काढत होती. थोडक्यात वाचली.

मी तडक गाडी काढली. सुनंदा दारातच म्हणाली, "भाऊजी, बंदूक ठाण्यात जमा करा, न्हाईतर मी लेकरं घिऊन यवतला माहेरी जाते."

आबा बंदूक मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले. "त्यानं लावलंय ते. हात लावू द्यायचा न्हाई."

"आबा, ते त्याच्या हाताचं माप हाय, तुमच्या न्हाई."

"असंना का."

माझं डोकंच फिरलं. "असंना का? सून गेली असती! वर गेल्यावर संपतनं मला काय विचारलं असतं?"

आबांनी ट्यूबवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी बंदूक पुढं केली.

नळी रिकामी आहे ना, ते आधी पाहिलं. ट्यूब कापली, तळ सोडवले. धक्का बसू नये म्हणून ट्यूबचीच पातळ चकती मागं चिकटवली. गाल टेकतो तिथं आबांच्या गुडघ्याचं क्रेप बँडेज गुंडाळलं. मग त्यांना म्हणालो, "डोळे मिटा. बंदूक खांद्याला लावा. आता उघडा. काय दिसतंय?"

"निस्तं लोखंड."

बँडेजचा आणखी एक वेढा दिला. पुन्हा डोळे मिटवले, पुन्हा उघडायला लावले.

"आता टोकावरची नेमाची माशी दिसती. नीट मधी."

"हीच शिस्त, आबा."

"आता काखेत अडकणार न्हाई ना?" असं सुनंदानं पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली, मग चहा टाकला. मी कापलेले तुकडे गोळा करत होतो, तेवढ्यात आबांनी त्यातला एक उचलला. आत दडलेल्या बाजूवर संपतच्या पायाच्या अंगठ्याचा खोल ठसा पडलेला होता. आबांनी त्यात आपल्या हाताचा अंगठा टेकवला.

"पाय लई मोठा हुता त्याचा," आबा म्हणाले. "घोडनदीच्या बाजारात मापाची चप्पलच मिळायची न्हाई."