पतंगे सरांचं वर्तुळ

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. अशा मुलाने आपल्या प्राध्यापकावर लिहिणं हा आगाऊपणाच आहे, त्याची आधीच माफी मागतो. शिवाय बीएस्सीच्या गणिताचा एक पेपर माझा अजून राहिला आहे, आणि तो पतंगे सरांनीच शिकवला होता.

सर फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढत. कंपास नाही, दोरी नाही. मग मागे सरकून स्वतःच बघत राहत. "याला म्हंत्यात वर्तुळ. तुमी वर्तुळ न्हाई काढत, अंडी घालता." माझ्या गावाची, गोरेगावची जीप उशिरा आली की माझं स्वागत ठरलेलं होतं, "या पाव्हणे, चहा सांगू का?" पण आत घेत. रविवारीही बोलावून शिकवत, फुकट आणि मनापासून. अडचण एवढीच होती की ते चुकीचं शिकवत.

वर्तुळाचं क्षेत्रफळ डबल इंटिग्रलने काढताना एक्स आणि वाय सोडून केंद्रापासूनचं अंतर आर आणि कोन थीटा घेतले की काम सोपं होतं. मात्र तेव्हा आत एक जास्तीचा आर गुणावा लागतो, कारण केंद्रापासून दूर जावं तशी त्याच कोनातली जागा रुंदावत जाते. सर हा आर कधीच लिहीत नसत. तरी त्यांचं उत्तर कधी चुकत नसे. त्यांच्या वर्तुळाची त्रिज्या दरवर्षी दोनच असे, आणि दोन ही एकच त्रिज्या अशी आहे की आर विसरला तरी बरोबर ४π येतं.

एकदा कनेरगाव नाक्याची रुबीना उभी राहिली. "सर, त्रिज्या तीन घेतली तर ६π येऊन राहिलं. शाळेच्या सूत्रानं तर ९π येतं."

"दोनाचं बराबर आलं का न्हाई?"

"आलं सर."

"मग तिनाला काहून तकलीफ होईल? शाळेचं सूत्र शाळेत ठेवून यायचं, बाई."

वर्ग हसला. मीही हसलो. घरी मलाही तेच ६π आलं होतं, पण अंतर्गत परीक्षेचे वीस गुण सरांच्या हातात होते. त्यात रुबीनाला आठ मिळाले, मला अठरा.

विद्यापीठाच्या पेपरात त्रिज्या पाच आली. हाताला सवयच नव्हती, आर राहिला. रुबीना पास झाली, मी नापास.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "पद्धत तर बराबर हाय तुझी. तपासणाऱ्यालाच न्हाई कळलं, लेकरा." त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. मी चहा घेतला आणि निघालो.

त्यानंतर सहा महिने मी दिसेल ती त्रिज्या घेऊन सराव केला. आता आर हात आपोआप लिहितो. सोमवारी पेपर आहे. तो निघाला तर घरात पहिली पदवी येईल.

काल रुबीनाचा फोन आला. "ऐकलं का? यंदा आपल्या पेपराची आदर्श उत्तरं लिहायला विद्यापीठानं पतंगे सरांना बोलावलंय. सगळ्यांचे पेपर त्याच्यावरूनच तपासणार हायेत."